झाडावरून पडलेली माणसं

चिंचकोपच्या वळणावर गाडीखाली सापडून आजवर एकही माणूस मेलेला नव्हता. पोलिसांचं दप्तर तसं सांगत होतं आणि गावही तेच सांगत होतं. चिंचकोपची माणसं मरायची ती झाडावरून पडून, विहिरीत बुडून, छातीत कळ येऊन, नाहीतर म्हशीनं ढुशी मारली म्हणून. ही सगळी माणसं धारवाडहून अळणावरला जाणाऱ्या रस्त्याच्या एकाच वळणाजवळ कशी काय मरतात, असं विचारायला बाहेरचं कुणी कधी आलं नव्हतं. आलं ते दोन हजार चार साली, टपावर कॅमेरा बसवलेल्या जीपमधून.

जीप चहाच्या टपरीपाशी थांबली तेव्हा रेखा शाळेकडून परतत होती. शाळा रस्त्याच्या पलीकडे आणि गाव अलीकडे. ती शाळेत पोरांसाठी दुपारचा भात-सांबार शिजवायची, आणि शाळा सुटली की स्वतः रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहून पोरांना अलीकडे सोडायची. त्यात तिची लेक सविताही असायची. या कामाचा पगार तिला कुणी देत नव्हतं आणि ते काम कर म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं. जंगलाकडून लाकूड भरून येणारे लॉरीवाले तिला शिव्या घालायचे. तीही घालायची, मराठीत आणि कन्नडमध्ये, ज्याला जी समजेल ती.

जीपमधून उतरलेला तरुण धारवाडच्या केलगेरीचा, नाव संजीव. नुकताच इंजिनियर झालेला, बोलायला सरळ. सोबत त्याचे साहेब, शेषगिरी, रस्त्यांच्या कामात केस पिकलेले. ते जीपमधून उतरलेच नाहीत, चहा आतच मागवला. संजीवनं टपरीवर बसलेल्या चारचौघांना विचारलं, "हा रस्ता रुंद करणार आहेत. त्याआधी कुठल्या तुकड्यावर जिवाला किती धोका आहे ते आम्ही तपासतोय. धोका जास्त तिथं आधी पैसा, आधी काम. तुमच्या वळणावर अपघात किती झाले?"

मग सगळ्यांनी अप्पाजीकडं बघितलं. अप्पाजी गावचा वडीलधारा. देवळातली बैठक त्याच्याशिवाय बसत नसे आणि त्याच्याशिवाय उठतही नसे.

"आमच्या गावात अपघात न्हाई," अप्पाजी म्हणाला. "देवीची कृपा हाय की."

"एकही नाही?"

"न्हाई म्हटलं न्हवं."

संजीवनं वळणाकडं पाहिलं. एका अंगाला खोल चर, दुसऱ्या अंगाला बांध, आणि पुढून येणारं वाहन अंगावर येईपर्यंत दिसत नाही. तो मान हलवत म्हणाला, "मला काही पटत नाही, अण्णा. इतकं वाईट वळण आम्हाला अख्ख्या रस्त्यात दुसरं सापडलं नाही."

रेखा डोक्यावरचं पातेलं सावरत तिथंच उभी राहिली. तिच्या तोंडाशी आलं होतं. अप्पाजीनं तिच्याकडं एकदाच बघितलं आणि त्या बघण्यात जे होतं ते गावातल्या कुणालाही समजावून सांगावं लागलं नसतं. ती चालायला लागली. पण घराकडं नाही.

अप्पाजीवर रागावणं सोपं होतं, आणि रेखा रोज रागवायची. पण या प्रकरणाचं मूळ वाईट नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. फार पूर्वी या वळणावर एका लॉरीनं बैलगाडी उडवली. गावानं शहाण्यासारखं ठाण्यावर कळवलं. मग प्रेत धारवाडला नेलं, फाडलं, शिवलं आणि ते परत मिळेपर्यंत घरच्यांनी दवाखान्याच्या पायरीवर रात्र काढली. त्यापुढं साक्षीसाठी अर्ध्या गावानं वर्षानुवर्षं धारवाडच्या कोर्टात खेटे घातले. पेरणी असो, कापणी असो, तारीख पडली की निघायचं. शेवटी लॉरीवाला सुटला आणि गाव दमलं. त्यानंतर असं काही घडलं की अप्पाजी लॉरीच्या मालकाला देवळात बोलवायचा. मालकानं पाया पडायचं, दिवसांचा खर्च करायचा, आणि गावानं देवीसमोर भंडारा उचलायचा, म्हणजे मूठभर हळद हातात घेऊन शपथ घ्यायची, की यातलं अक्षर बाहेर बोलणार नाही. प्रेत फाडायचं नाही, कोर्ट नाही, कचेरी नाही. मग मेलेल्या माणसाला मरायला काहीतरी दुसरं कारण द्यायचं.

रेखाच्या नवऱ्याला, महेशला, गावानं झाडावरून पाडलं.

हे तिला अजून सहन होत नव्हतं. महेश बांधावरच्या बुटक्या पेरूवरही चढायचा नाही. शिडीवर उभं राहिलं तरी त्याच्या पोटऱ्या थरथरायच्या, आणि रेखा त्याला हसायची. असा माणूस गावाच्या तोंडी आंब्याच्या शेंड्यावरून पडून मेला. तो पडला त्या जागी तर झाडच नव्हतं. होती ती डांबराची कड आणि त्याची सायकल, पापडासारखी चपटी झालेली.

वळणाच्या पुढं संजीव रस्त्याची रुंदी मोजत होता. रेखा थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, टपरीवर तुमाला सगळं खोटं सांगितलं. हितं माझा नवरा मेला. लॉरीखाली. आणि तो एकटाच न्हाई."

संजीवनं हातातली फीत खाली ठेवली. ती बोलत राहिली आणि त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. तिचं संपल्यावर तो जीपकडं गेला. शेषगिरी साहेबांनी काच खाली केली, ऐकून घेतलं आणि कंटाळल्या सुरात म्हणाले, "ठाण्यात नोंद आहे का? नाही ना? मग मी काय लिहू, एक बाई म्हणाली म्हणून लिहू? उद्या प्रत्येक गाव म्हणेल आमच्याकडं माणसं मेली, आधी आमचा रस्ता करा. बेडा, नको, संजीव. चल."

साहेबांचंही अगदीच चूक नव्हतं, आणि म्हणूनच रेखाच्या अंगाचा तिळपापड झाला. गावानं स्वतःच्या हातानं आपला रस्ता कागदावर सुरक्षित करून ठेवला होता. आता तो रुंद होणार, गुळगुळीत होणार, लॉऱ्या आणखी जोरात येणार, आणि चिंचकोपच्या वाट्याला ना कठडा, ना गाड्या हळू करणारा उंचवटा, ना पोरांना चालायला वीतभर जागा.

"मग तुमी लिवता तरी कशावरनं?" तिनं संजीवला अडवलं.

"दोन गोष्टींवरून, अक्का. एक पोलिसांची नोंद. ती तुमची कोरी आहे. दुसरा हा." त्यानं टपावरच्या कॅमेऱ्याकडं बोट केलं. "उद्या आम्ही या तुकड्याचं चित्रण करणार. मग धारवाडच्या ऑफिसात बसून पडद्यावर बघायचं. वळण किती, चर किती खोल, कडेनं माणसं किती. त्यावरून गुण पडतात. धोका जास्त असेल तर नकाशावर तो तुकडा लाल, नसेल तर हिरवा. लालला आधी काम."

"माणसं किती, हे पण मोजता?"

"मोजतो की. कडेला माणसं जास्त तर धोका जास्त. पण उद्या आम्ही येणार उन्हं वर आल्यावर. तेव्हा पोरं वर्गात आणि तुम्ही सगळे शेतात. रस्ता रिकामा दिसणार, आणि रिकामा दिसला तर मला रिकामाच लिहावा लागणार. कॅमेऱ्यात जे आलं ते मी कापत नाही. जे नाही आलं ते घालताही येत नाही."

तो हे चुटपुटत सांगत होता. रेखाच्या डोक्यात मात्र तोवर दुसरंच काही सुरू झालं होतं.

संध्याकाळी अप्पाजी तिच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच काठी टेकून उभा राहिला.

"त्या जीपवाल्यासंगट काय बोललीस?"

"खरं बोललो," रेखा म्हणाली. त्या भागात बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, आणि रेखाच्या तोंडी ते शोभायचं.

"गावानं भंडारा उचललाय, रेखा. देवीचा भंडारा मोडलास तर घरादाराचं वाटोळं हुईल. आणि गावाचं नाव? ह्यो अपघाताचा गाव म्हणून लिवलं की हितं पोरी कोण देणार?"

रेखा चुलीपुढून उठली आणि दारात आली. आजवर ती त्याच्यापुढं मान वर करून बोलली नव्हती. तिला स्वतःलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं.

"अप्पा, भंडारा कुणी उचलला?"

"समद्या गावानं."

"मी कवा उचलला? त्या दिवशी तुमी बापय माणसं देवळात बसलासा. मी हितं मागच्या खोलीत पडलोतो, पदर तोंडात कोंबून. मला कोण बोलवायला आलं? माझा नवरा गेला, आणि त्याचं काय करायचं ते मला सोडून समद्यांनी ठरवलं. बाईमाणसाची शपथ लागतीच कशाला, असंच न्हवं? मग आता मी कशाला मोडतोय? माझ्या हाताला हळद लागलीच न्हाई."

खरंच, कधी कुठल्या बाईला देवळात बोलावलं नव्हतं. इतक्या वर्षांत ते अप्पाजीच्या ध्यानातही आलं नव्हतं. तो काठी आपटून निघून गेला, आणि त्याच्या जाण्यावरूनच रेखाला कळलं की घाव बरोबर बसलाय.

मग ती पिठाच्या गिरणीत गेली. दळणाला आलेल्या बायका तिथं पाळीची वाट बघत बसलेल्या असतात, आणि गिरणी चालू असली की बाहेर उभ्या असलेल्या पुरुषाला आतलं काही ऐकू येत नाही. रेखा एकेकीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगत होती. वत्सलेला आधी पटेना. तिचा सासरा गावाच्या हिशेबी छातीत कळ येऊन मेलेला.

"काय करायचं म्हणतीस? मोर्चा काढायचा?"

"काय न्हाई. बोलायचं न्हाई, ओरडायचं न्हाई, रस्त्यात आडवं यायचं न्हाई. ज्याचं माणूस जिथं पडलं, त्यानं तिथं कडंला जाऊन उभं ऱ्हायाचं. जीप गेली की घरी."

"एवढंच?"

"एवढंच. मेलेल्यास्नी उभं ऱ्हाता येत न्हाई, म्हणून आपण."

वत्सलेनं डोक्यावरचा पिठाचा भुरका झटकला आणि शेजारणीच्या कानाशी तोंड नेलं.

दुसऱ्या दिवशी पोरांचा भात लवकर शिजला. उन्हं वर आली तेव्हा रेखा वळणावर पोचली. रस्ता रिकामा होता. आपण एकटीच येडी ठरणार, असं वाटून तिनं आपली जागा धरली, जिथं झाड नव्हतं तिथं. मग बांधावरून वत्सला उतरली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. कुणी धुण्याची पिशवी घेऊन, कुणी विळा कमरेला खोचून. काही न बोलता एकेक बाई आपली जागा शोधत होती. कुणालाही जागा शोधायला वेळ लागला नाही. रेखाला वाटलं होतं चार-पाच जणी येतील. वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बायका उभ्या राहिल्या तेव्हा ती स्वतःच हादरली. शेजारी राहून इतक्या वर्षांत एकीनं दुसरीला कधी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी, चर सगळ्यात खोल आहे तिथं, गोदावरी येऊन उभी राहिली. अप्पाजीची बायको.

सगळ्या बायका तिच्याकडं बघत राहिल्या. तिचा एकुलता मुलगा दीपक विहिरीत बुडून गेला होता. ते मात्र त्यातल्या एकीलाही खोटं वाटलं नव्हतं, कारण ते अप्पाजीनं सांगितलं होतं.

जीप आली. हळूहळू वळणात शिरली आणि आणखी हळू झाली. शेषगिरी साहेबांनी डोकं बाहेर काढलं. "एनु इदु? काय चाललंय? देवीची मिरवणूक आहे का? अहो बाई, स्वल्प बाजूला सरा, चित्रण चाललंय!"

"आमी बाजूलाच हाय की," रेखा म्हणाली. खरंच होतं. सगळ्या डांबराबाहेर, धुळीत उभ्या होत्या.

साहेबांनी जीप परत फिरवायला लावली. या बायका गेल्यावर पुन्हा घेऊ म्हणाले. जीप टपरीपाशी जाऊन थांबली. ऊन डोक्यावर आलं, लॉऱ्या अंगावर धूळ उडवून गेल्या, एका लॉरीवाल्यानं मुद्दाम कडेला घासून नेली आणि वत्सलेचा पदर वाऱ्यानं उडाला. एकही बाई हलली नाही. जीप दुसऱ्यांदा आली तेव्हा बायका होत्या त्याहून जास्त होत्या, कारण मघाशी ज्यांचा धीर झाला नव्हता त्याही आल्या होत्या.

आणि त्याच वेळी गावातून अप्पाजी आला. तरातरा, काठी न टेकता. तो रेखाकडं आलाच नाही. सरळ वळणाच्या टोकाला गेला आणि त्यानं गोदावरीचं मनगट धरलं.

"घरला चल."

"न्हाई."

"लोक बघाल्यात. चल म्हणतो न्हवं!"

गोदावरी बारीक चणीची, हळू बोलणारी बाई. त्या दिवशी तिचा आवाज पार टपरीपर्यंत गेला. "माझा दीपक मलप्रभेचा पूर पोहून जायाचा. त्याला तुमी गुडघाभर पाण्याच्या विहिरीत बुडिवलासा. तुमचा शब्द म्हणून मी गप ऱ्हायलो. लोकं म्हणायची, असला कसला पोहणारा, तेबी ऐकून घेतलो. आता मी हितनं हलत न्हाई. वढून न्यायचं तर न्या, त्यो कॅमेरा बघालाय."

जीप त्यांच्यासमोरच होती. शेषगिरी साहेब काहीतरी म्हणत होते, पण संजीवनं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवली होती. कॅमेरा चालू होता.

अप्पाजीनं मनगट सोडलं. आता तो परत जाईल असं रेखाला वाटलं. तो गेला नाही. त्यानं चराकडं बघितलं, बराच वेळ. मग डोक्याचा पटका काढून काखेत धरला आणि गोदावरीच्या शेजारी, कॅमेऱ्याकडं तोंड करून उभा राहिला. त्यानं भंडारा उचलला होता, म्हणून तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यानं हात उचलला नाही. रेखाला त्याच्याबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाईट वाटलं. राग मात्र तसाच राहिला.

धारवाडच्या ऑफिसात काय झालं ते रेखाला नंतर संजीवकडून कळलं. शेषगिरी साहेब म्हणाले, बायका मुद्दाम उभ्या राहिल्यात, हा तुकडा सोडून द्या. संजीव म्हणाला, मुद्दाम असतील, पण रस्त्याच्या कडेला आहेत, आणि कॅमेऱ्यात आलेलं कापायचं नाही हा नियम तुम्हीच मला शिकवलात. मग साहेबांनी ते चित्रण पुन्हा लावायला सांगितलं, आणि पटका काखेत धरलेला म्हातारा पडद्यावर आला तेव्हा ते उठून खिडकीशी गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "लाल कर."

पुढच्या वर्षी रस्ता रुंद झाला. चराच्या अंगाला कठडा आला, शाळेसमोर डांबराचा उंचवटा आला, पोरांना चालायला फरशीची पट्टी आली. आणि वळणाच्या तोंडाशी पिवळा बोर्ड लागला. कन्नडमध्ये ठळक अक्षरं, की पुढं अपघाताची जागा आहे, सावकाश जा. काही पुरुषांना तो फार लागला. एकानं तर रातोरात उपटून टाकतो म्हणून बढाई मारली. अप्पाजी टपरीवर बसून ऐकत होता. "हात तर लाव," एवढंच तो म्हणाला.

बोर्ड लागला त्या शुक्रवारी रेखा देवळात गेली. पुजारी बघत राहिला. तिनं देवीसमोरच्या परातीतून मूठभर भंडारा उचलला, आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न बोलावता. तिच्यामागं वत्सलेनं उचलला, गोदावरीनं उचलला, मग बाकीच्यांनी. मुठी आवळून सगळ्या वळणापर्यंत चालत गेल्या. सविता शाळेच्या फाटकाशी उभी राहून बघत होती.

रेखानं बोर्डावर हळद फासली.

"हितं ह्याच्यापुढं माणूस पडला तर लॉरीखालीच पडला," ती म्हणाली. "ठाण्यावर पयल्यांदा मी जाणार. कोर्टात बोलवलं तर पेरणी टाकून जाणार. माझ्या गावातलं माणूस आता झाडावरनं पडणार न्हाई."

एकेकीनं पुढं होऊन हळद लावली आणि तेच शब्द म्हटले. जंगलाकडून एक लॉरी आली, बोर्डाशी पिवळ्या हातांच्या बायका बघून तिचा वेग आपोआप उतरला, आणि ती उंचवट्यावरून हळू, अगदी हळू, पलीकडं गेली.